ह्यांनी सांगितलेला डोंगर

"आज वर दाट धुकं," गुरुनाथ उतरता उतरताच सांगू लागले. "खालची दरी नुसती पांढरी. मधूनच एका चर्चचा कळस वर आलेला. अगदी पावसाळ्यात लांबून तोरणा दिसावा तसा."

"बसा. चहा गार होतोय," कुमुदिनीबाई बाकावरून म्हणाल्या.

ज्या डोंगरावरून गुरुनाथ उतरले, तो उंचीला आइंडहोवन या डच शहरातल्या एखाद्या बऱ्यापैकी इमारतीएवढा होता. तोही देवाने केलेला नव्हता. शहराने वर्षानुवर्षं आपला कचरा एका जागी टाकला, त्यावर माती लोटली, आणि डोंगर तयार झाला. मग एका उतारावर कोणीतरी लांबलचक शेड बांधली, आत फ्रीजची थंडी भरली, बर्फ पसरला आणि तिकीट लावलं. बाहेर ऊन पडलेलं असताना लोक लोकरी टोप्या घालून आत स्कीवरून घसरायला जात. दुसऱ्या उताराकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे तिथे जंगल झालं. बर्च, ओक, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, घुबडं आणि बॅजर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा हा प्राणी बीळ उकरताना जुना कचराही बाहेर काढी. कधी बाहुलीचा पाय, कधी बशीचा तुकडा. शहराने पुरलेलं सगळं तो एकटा चिकाटीने परत करत होता.

गुरुनाथ पुण्यात वीज मंडळात होते आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असत. निवृत्तीनंतर त्यांची मुलगी अवनी त्यांना आणि आईला आपल्याकडे घेऊन आली, ती अशा सपाट देशात जिथे पुलावर सायकल चढवतानाही लोक गिअर बदलतात. त्यामुळे हा डोंगर सापडला तेव्हा त्यांनी आधी पायातले बूट काढून त्याला नमस्कार केला. कुमुदिनीबाईंचे गुडघे चढू देत नसत. त्या पायथ्याच्या बाकावर थर्मास घेऊन बसत, आणि गुरुनाथ वर जाऊन काय दिसलं ते खाली येऊन सांगत.

तर या डोंगरावरचं स्कीचं घर आता लांबवायचं ठरलं होतं, थेट जंगलातून. 'जंगल वाचवा' म्हणणाऱ्यांत गुरुनाथांची सही पहिली होती. पण एके दिवशी अवनीने योजनेचा कागद वाचून दाखवल्यावर त्यांनी त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवलं.

"अवनी, यात लिफ्ट आहे. काचेची. वर गच्ची, आणि कोणीही फुकट जायचं."

"बाबा, तिथली सगळी झाडं जाणार आहेत."

"ते कळतंय गं. पण तुझ्या आईला एकदा तरी वर न्यायचंय."

आनंदाच्या भरात गुरुनाथांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही.

खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्किट. सगळे सायकलवरून आलेले, खुर्च्यांवर ओले रेनकोट. स्की कंपनीचा यास्पर नावाचा हसरा तरुण उभा राहिला आणि बॅजरला पर्यायी जागा देण्यात येईल असं म्हणाला. अवनीने भाषांतर केलं. हे वाक्य गुरुनाथांच्या पुण्यापासूनच ओळखीचं होतं. ज्यांना पर्यायी जागा मिळाली, ते मात्र त्यांना कधी भेटले नव्हते.

मग यास्परने पडद्यावर भला मोठा फोटो लावला.

"हे कुठलं गं?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"डोंगराच्या माथ्यावरून दिसतं ते, आई."

फोटोत पार्किंग होतं. त्यापलीकडे मोटाररस्ता, आणि त्यापलीकडे फर्निचरच्या दुकानाचं छप्पर.

कुमुदिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "दरी कुठाय हो?"

गुरुनाथ बिस्किटाचं निरीक्षण करत होते.

"धुक्यात असेल," त्या स्वतःच म्हणाल्या आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. "अवनी, मी बोलते. तू यांना सांग."

अवनी शेजारी उभी राहिली.

"माझ्यासाठी लिफ्ट बांधू नका. मी रोज त्या बाकावर बसते आणि हे मला वरचं सांगतात. कधी दरी, कधी नदी, एकदा तर समुद्र दिसला होता. लिफ्टने गेले तर हे पार्किंग दिसेल. ह्यांनी सांगितलेला डोंगर फार मोठा आहे, तो मला पुरतो. आणि मी काही तिथे एकटी नसते. अंधारून आलं की बॅजर बाहेर येतो. तेवढ्यात हे बोलत बोलत उतरतात, की तो आत पळतो. रोज सहन करतो बिचारा. त्याला आणखी छळू नका." त्या बसता बसता थांबल्या. "लांबवायचंच असेल तर त्या पार्किंगवर लांबवा. फोटोत अर्धं रिकामंच आहे."

अवनीने शेवटचं वाक्य डचमध्ये सांगितलं, तसं नगरसेवकांनी एकमेकांच्या, सायकलवर भिजलेल्या रेनकोटांकडे पाहिलं. यास्परनेही वळून पडद्याकडे पाहिलं.

पुढचं सगळं डच पद्धतीने झालं. अहवाल आला, अहवालावर अहवाल आला, पुष्कळ कॉफी झाली, आणि वसंतात स्कीचं घर पार्किंगच्या बाजूने लांबायला लागलं. जंगल जिथे होतं तिथेच राहिलं.

काम सुरू झालं त्या संध्याकाळी गुरुनाथ बाकापाशी येऊन उभे राहिले.

"जाऊन या की वर," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आज नको," म्हणून ते शेजारी बसले, आणि अवघड होतं तरी गप्प राहिले. अंधारून आलं. जाळी हलली. आधी माती आली, मग एक कान तुटलेला कप घरंगळत आला आणि त्यामागून पट्ट्यांचं तोंड. गुरुनाथांनी बोलायला तोंड उघडलं. कुमुदिनीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते तोंड तसंच उघडं राहिलं.

बॅजर कप हुंगून, सावकाश झाडांत निघून गेला.

"कसा होता, सांगा," त्या हळूच म्हणाल्या.

"तूही पाहिलास की."

"तरी सांगा."

"लहान कुत्र्याएवढा," गुरुनाथ म्हणाले.

"एवढाच?"

त्यांनी जंगलाकडे पाहिलं. "बसला होता तेव्हा एवढा," ते म्हणाले. "मग जेव्हा उठला..."

कुमुदिनीबाईंनी थर्मास उघडला आणि ऐकायला सरसावून बसल्या.