टाच तरी मारायची!

मी एक जुना पितळी पेला आहे, आणि मित्रांनो, मी रागात आहे. भांड्यांना राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचं भांड्यांशी फारसं बोलणं होत नसावं.

माझा जन्म लातूरच्या गंजगोलाई बाजारात एका कासाराच्या दुकानात झाला. त्याने मला तापवलं, ठोकलं, चिंचेने घासलं. विठाबाईच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो आणि तिच्यासोबत किल्लारीला गेलो. पाहुण्यांना पाणी द्यायचं आणि फडताळात चमकत बसायचं, एवढंच माझं काम. तेव्हा माझ्या अंगावर एकही पोचा नव्हता.

मग त्र्याण्णव सालची ती पहाट आली. भूकंपाने दगडामातीचं घर जागच्या जागी खाली बसलं. विठाबाईचा लहानगा सर्वेश मामाकडे औशाला होता म्हणून वाचला. विठाबाई आत अडकली. तोंडात माती गेलेली, ओरडता येईना. तिच्या हाताला मी लागलो. ती मला दगडावर आपटत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. शेवटी वरून कोणीतरी म्हणालं, "थांबा रे, भांडं वाजायलंय!" लोकांनी माती उपसली. विठाबाई निघाली. तिची सासू निघाली नाही.

माझ्या काठावरचा खोल पोचा त्या पहाटेचा आहे. विठाबाईने तो कधीच ठोकून सरळ करू दिला नाही.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये तिने मला नवं काम दिलं. स्टुलावर परात ठेवायची. परातीत तांब्या उपडा घालायचा. त्याच्या गोल बुडावर मला उपडं उभं करायचं. जमीन जरा हलली की मी घसरणार आणि परातीत पडणार. माझा आवाज असा, की गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून बसायचं. दर शनिवारी विठाबाई स्टुलाजवळ उभी राहून जमिनीवर टाच मारायची. धप्प! मी पडलो की म्हणायची, "हाव, जागा हाय." कधी उसाच्या ट्रकनेही मी पडायचो. मला लाज वाटायची. ती म्हणायची, "उगी पडलास तर चालतंय. पडायच्या वक्ताला उभा राहू नको, बस्स."

तीस वर्षं मी हे काम केलं. सर्वेश मोठा झाला, त्याला नांदेडला नोकरी लागली, तो सुट्टीला घरी यायचा, लातुरात औसा रोडला तळमजल्यावर घर झालं. विठाबाईची भीती मात्र तिच्यासोबतच आली. न्हाणीत गेली तरी ती आतून कडी लावायची नाही. दाराला बादली टेकवून अंघोळ करायची. कडी लागली की माती आठवते, म्हणायची.

मग घरात सून आली, नांदेडची मालविका. मुलगी गुणाची, मी खोटं बोलणार नाही. बाळ झालं, देविका, आणि मालविकाची शाळेतली नोकरी सुटली. बाळ झोपलं की ती एका हाताने पाळणा हलवायची आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर लिहायची. लातूरला क्लाससाठी मुलं पाठवणाऱ्या आईबापांसाठी तिचा ब्लॉग होता. कुठला कुलर घ्यावा, कुठला टेबललॅम्प, कोणत्या मेसची पोळी पोरांच्या पोटाला सोसते. ती आधी वापरायची, मगच लिहायची. मेसचं जेवण आठ दिवस स्वतः जेवली होती. एका कुलरबद्दल लिहिलं, "हवा गार आहे, पण आवाज असा की पाठ केलेलं विसरावं." जळकोटपासून नांदेडपर्यंत आईबाप ते वाचायचे आणि त्यावर विसंबायचे. तांब्यावर उभा राहून मला तिचा अभिमान वाटायचा.

माझा राग इथून पुढे सुरू होतो.

एका कंपनीने भूकंपाची घंटी काढली. पांढरा डबा, त्यावर हिरवा दिवा. जमीन हलण्याआधी वाजते म्हणे. कंपनीतला माणूस फोनवर गोड बोलला, "मॅडम, लेख आम्ही लिहूनच पाठवतो. तुम्ही फक्त घरातलं काहीतरी टाका, म्हणजे खरं वाटेल. मानधन लगेच." मालविकाच्या हातात वर्षभर स्वतःचे पैसे आले नव्हते. तिने हो म्हटलं.

घंटी घरात येऊन चारच दिवस झाले होते. विठाबाई किल्लारीला नातेवाइकांकडे गेली होती. देविका झोपलेली होती. मालविकाने आलेला मजकूर वाचला. "आम्ही तीन महिने वापरतोय," या ओळीवर तिचं बोट थांबलं. मित्रांनो, मी पाहिलं, थांबलं. मग देविका कुरकुरली, आणि बोट पुढे गेलं.

आणि घरातलं काहीतरी म्हणून तिने कोणाला टाकलं? मला! तांब्यावरून उतरवलं, घंटीशेजारी ठेवून फोटो काढला. खाली लिहिलं, "माझ्या सासूबाईंनी तीस वर्षांनी हा पेला खाली उतरवला. आता त्या निर्धास्त आहेत." सासूबाई तर किल्लारीला होत्या! ज्या पोच्यामुळे एक बाई जिवंत निघाली, तो पोचा तिने एका न वाजवलेल्या डब्याच्या जाहिरातीला चिकटवला. मी वाजू शकत असतो तर त्या क्षणी वाजलो असतो.

विठाबाई परत आली. रिकामी परात बघून म्हणाली, "माझा पेला कुठाय गं?"

"आई, आता त्याची गरज नाही. ही घंटी आहे. चांगली आहे, मी बघितलीय."

"तू बघितलीस?"

"हो."

"मग झालं," विठाबाई म्हणाली. एवढंच. तिने टाचसुद्धा मारली नाही. माझ्यावर दर शनिवारी टाच मारणारी बाई, सुनेच्या शब्दावर तिने एकदाही मारली नाही.

मालविकाने मला न्हाणीत नेलं. कपड्याच्या पावडरच्या डब्यात मापाला टाकलं. आणि एक दिवस मी डब्यातून पाहिलं, विठाबाईने आतून कडी लावली. हळूच, एखाद्या नव्या नवरीसारखी. मग स्वतःशीच हसली. मी राग विसरायला तयार होतो, मित्रांनो. तिची कडी लागत असेल तर पावडरमध्ये जन्म काढायला तयार होतो.

श्रावणातली एक सकाळ. विठाबाई अंघोळीला बसली होती, कडी आतून लावलेली. बादलीतलं पाणी थरथरलं. टमरेल काठावर टणटण करू लागलं. जमिनीतून तो घुरघुराट आला, तो मी ओळखतो, तीही ओळखते. ती अर्धी उठली. कान दाराकडे लावला. घंटी गप्प. आणि ती परत बसली! मी पावडरमध्ये गळ्यापर्यंत रुतलेलो, तोंडात पावडर. तिच्या तोंडात माती होती तेव्हा मी वाजलो होतो. आज मला वाजता येईना.

धक्का छोटा होता, थांबला. कोणाला काही झालं नाही. पण काढताना कडी विठाबाईच्या हातून चारदा निसटली. बाहेर मालविका देविकाला छातीशी धरून ओरडत होती, "आई! आई, दार उघडा!"

ती बाहेर आली तेव्हा शेजारची आबेदा दारात उभी होती. आबेदाच्या घरात क्लासच्या बारा मुली राहतात.

"मालविका, तुझं वाचून मी चार घेतल्या ना गं!" आबेदा म्हणाली. "एक नाही वाजली! पोरी हलतं टेबल धरून बसल्या, घंटी वाजली की उठू म्हणून. त्यांच्या अम्मी-अब्बांना मी फोन करकरून सांगितलं, बेफिकीर राहा म्हणून. तीन महिने तुझ्या घरात चालली, लिहिलंस की!"

"तीन महिने?" विठाबाईने विचारलं. "आठ दिवस न्हवते मी. त्याच्या आधी तर ही घंटी घरात न्हवतीच की."

मालविका खाली बघत म्हणाली, "सगळेच तसं लिहितात, आई. पैसे घेऊन."

"पैशाचं न्हाई मला. कामाचे पैसे घ्यावंत. पण काम कुठं केलीस? मला बादली हलताना दिसली पोरी. माझ्या पायाला कळलं. तरी मी बसून राहिले, तू बघितलीस म्हणून." तिने डब्याकडे बोट दाखवलं. "काई न्हाई तर टाच तरी मारायची!"

मग तिने मला पावडरीतून उपसलं, धुतलं. स्टुलावर परात, तांब्या, मी. शेजारी घंटी. टाच मारली. धप्प! मी परातीत असा आदळलो की देविका रडायला लागली. डब्याचा हिरवा दिवा नुसता बघत राहिला.

त्याच दुपारी, बाळ झोपल्यावर, मालविकाने लिहिलं. पहिली ओळ, "मी खोटं लिहिलं." चार दिवस, न तपासलेली घंटी, घेतलेले पैसे, सासूबाईंचा पेला, सगळं लिहिलं. कंपनीचा फोन आला, धमकावणारा. तिने ऐकून ठेवून दिला. जळकोटच्या एका बापाने खाली लिहिलं, "ताई, पोरीच्या खोलीत तुमच्या शब्दावर लावली होती. आता कुणाचं वाचू?" त्याला उत्तर द्यायला मालविका तीनदा बसली. तीनदा उठली. आबेदा अजून तिच्याशी जपूनच बोलते.

आता दर शनिवारी मालविका टाच मारते. देविका उभी राहायला शिकली आहे, तीही आपली इवलीशी टाच आपटते आणि मी पडलो की टाळ्या वाजवते. मला ते आवडतं. पण राग गेलेला नाही.

मित्रांनो, मला घासू नका, चमकवू नका, फडताळात मांडू नका. अडगळीत टाकलंत तरी मी काही म्हणणार नाही. पण एखाद्या वस्तूची ग्वाही देणार असाल, तर आधी तिच्यासमोर टाच मारा. तुमच्या ग्वाहीवर कुणीतरी आपलं दार आतून लावून घेत असतं.

विठाबाईने ते पुन्हा लावलेलं नाही. दाराला बादली टेकवलेली असते.