कण्यांची खीर

कार्ल्याच्या डोंगराखाली चैत्रातल्या जत्रेला खीर वाटली, तर त्र्यंबकरावांच्या पदरात काय काय पडणार होतं? नव्या पाणपोईच्या दगडावर नाव. लोणावळ्याच्या बाजारात चार जादा नमस्कार. आणि मुख्य म्हणजे तळेगावच्या दीनानाथरावांच्या नजरेत भाविक घराणं. दीनानाथरावांच्या मुलाचं स्थळ त्यांच्या मुलीला, रजनीला, सांगून आलं होतं. माणूस देवभोळा, हुंड्यात शे-दीडशे सहज सुटतील, असा अंदाज. खर्चाचं म्हणाल तर त्र्यंबकराव करणार नव्हतेच.

ते कचेरीत कारकून. कार्ल्याच्या शेतातून वाट्याचं भात घरी यायचं, आणि कोठीची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. रोज सकाळी ते स्वतः मापटंभर तांदूळ काढून द्यायचे, वर आलेली शीग बोटानं निपटून पुन्हा पोत्यात. त्यातूनही त्यांची बायको इंदिराबाई आधी एक मूठ देवीच्या मडक्यात टाकायची. माहेरची रीत होती ती: अन्न शिजायच्या आधी देवीची मूठ, आणि साठेल ते वर्षाकाठी कुणा गरजवंताच्या ओटीत. नवऱ्याचं ताट कमी पडून चालायचं नाही, मुलीचं पडू द्यायचं नाही. मूठ कुणाच्या ताटातून जायची, ते घरात कधी कुणी विचारलं नाही.

भात कांडायला भुशी गावची सरुबाई यायची. नवरा गेलेला, दोन पोरी. मजुरीचे थोडे पैसे, आणि कांडताना मोडतील त्या कण्या तिच्या. मावळात हे सांगावं लागत नाही. पण ती त्या घरी न्यायची नाही.

"घरी नेल्या तर उंदीर खात्यात, वैनी. उंदरानं सोडलं तर दीर खातो. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. लावणी उरकल्यावर हाताला काम नसतं, तवा पोरींच्या पोटाला व्हतील."

म्हणून इंदिराबाईंनी माजघराच्या कोपऱ्यात तिचं पोतं ठेवलं होतं. तोंड सरूनंच बांधलेलं, जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं.

जत्रेच्या दिवशी इंदिराबाई डोंगराखाली पोचल्या, तर चुलीपाशी तेच पोतं रिकामं लोळत होतं आणि कढईत खीर रटरटत होती.

"अहो, या सरूच्या कण्या."

"हळू बोल. भात आपलं, उखळ आपलं, मग कण्या तिच्या कुठून झाल्या?"

"तिच्या कष्टाच्या आहेत. मजुरीच आहे ती."

"देवीच्या दारात मजुरी काढतेस? अगं, आयतं पुण्य लागतंय तिला."

गूळही फुकटचाच, म्हशीसाठी ठेवलेला कोंडा वाण्याला देऊन आणलेला. पाघळून काळा पडला होता, आत मुंगळे रुतले होते. त्र्यंबकराव एकेक मुंगळा चिमटीत धरून उडवत होते, बोट चाटत होते आणि त्याच बोटांनी ढेप फोडून कढईत टाकत होते. मधूनच मान वर करून ओरडत, "या, या! आईचा प्रसाद, पोटभर घ्या!" दीनानाथराव दिसले की आवाज आणखी चढे.

पंगतीत सरुबाई होती. दोन्ही पोरींना घेऊन बसली होती. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि उठल्यावर त्र्यंबकरावांच्या पायांवर डोकं टेकलं.

"साह्यब, आई तुमाला असंच देत ऱ्हावो. लय पुण्यवान हात तुमचा."

त्या चिकट हातानं त्यांनी तिला आशीर्वाद दिला.  घास तोंडात असलेल्या पोरींसमोर इंदिराबाई काय सांगणार? हातातली वाटी त्यांनी निवडुंगाच्या कुंपणात उलटी केली.

वैशाखात दीनानाथराव बोलणी करायला आले, आणि नेमकी त्याच दुपारी सरुबाई मागच्या दारी आली. पावसात भुशीची वाट बंद व्हायची, म्हणून आधीच पोतं न्यायला.

त्र्यंबकराव लगबगीनं मागं आले. "कसलं पोतं? जत्रेत खीर खाल्लीस ना? दोनदा घेतलीस, पोरींनाही चारलीस. तुझं तुला पोचलं. जा आता, घरात पाहुणे आहेत."

सरुबाईनं इंदिराबाईंकडं पाहिलं. "म्हंजी ती खीर माज्या कण्यांची व्हती?" तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "आन् म्या ह्येंच्या पाया पडले वो, वैनी."

इंदिराबाई आत गेल्या. देवीचं मडकं कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं न जाता सरळ ओसरीवर आल्या, पाहुण्यांसमोर. सरूला तिथंच हाक मारली.

"अगं, देवीच्या मडक्याला हात?" त्र्यंबकराव मागोमाग धावत आले, आणि पाहुण्यांवर नजर जाताच त्यांचा सूर पालटला. "दे, दे. आमच्या दारातून रिकाम्या हातानं कुणी जायचं नाही!"

"हे दान नाही," इंदिराबाई दीनानाथरावांकडे पाहत म्हणाल्या. "देणं आहे तिचं. जत्रेतली खीर हिच्या मजुरीची होती. न विचारता घेतलेली."

 दीनानाथरावांनी डोळे मिटून हात जोडले.

"पाहिलंत, त्र्यंबकराव? पुण्यसुद्धा स्वतःकडे ठेवत नाहीत, गरिबाच्या नावावर टाकतात. काय हा विनय, वहिनी! अशा घरची लेक येत असता मी घासाघीस करू? दोनशे कमी धरा."

त्र्यंबकरावांनी विनयानं मान खाली घातली. त्यांच्या मिशीच्या कडेला पानाची लाल लाळ आली होती. इंदिराबाईंनी तोंड फिरवलं, मडकं सरूच्या पदरात रिकामं केलं. पदर पुरता भरलादेखील नाही.

"लय कमी हाय का, वैनी?" सरूनं हळूच विचारलं.

"कमी आहे, सरू."

"व्हय," सरू म्हणाली, आणि पदराला गाठ मारून निघून गेली.

तर त्र्यंबकरावांना दोनशे रुपये आणि दगडावर नाव मिळालं, आणि त्यांचा पैसाही गेला नाही. दीनानाथरावांनी दोनशे सोडले, ते धाकट्या मुलाच्या लग्नात दुसऱ्या व्याह्याकडून मानपानात वसूल केले. कोंडा गेला तो म्हशीच्या तोंडचा. मडक्यातला तांदूळ दसऱ्यापासून इंदिराबाईंच्या ताटातून आला होता. आणि भरल्या पोत्यात नि अर्ध्या पदरात जो फरक पडला, तो भादव्यात भुशीच्या त्या दोन पोरींनी उपाशी झोपून भरला.