पाच पुठ्ठ्यांची शिलाई

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. तीस वर्षं मी एकाच माणसाच्या मांडीवर काढली. घरात त्यांना बाबा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची बोटं माझ्या मानेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी फिरायची की लोक माना डोलवायचे. मग ती बोटं आखडली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तारा गंजल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला खाली काढलं ते त्यांच्या लेकीनं. ती शिवणकाम करते. तिला मला वाजवायला शिकायचं होतं. धुनेत सूर पाचच, पण माझ्या मानेवर ते पाच जागी, बोटं ठेवण्याच्या पाच आकारांत सापडतात. बाबांनी माझ्याच मापाचे पाच पुठ्ठे कापून त्यांवर ते आकार ठिपक्यांनी काढून दिले. लेकीनं पाचही घोकले. पण एका आकारातून दुसऱ्यात जाताना ती हटकून अडखळायची.

"उचकी लागल्यासारखी वाजवतेस!" बाबा वैतागले. "रविवारी वाद्यांचा दुरुस्तीवाला येतोय. एक धून सलग वाजव, नाहीतर गिटार त्याला देऊन टाकतो."

"मग जोडायचं कसं ते सांगा ना!"

"मला काय ठाऊक? हातालाच कळायचं ते."



शनिवारी लेकीनं मला शिवणाच्या टेबलावर आडवं केलं आणि पुठ्ठे मानेवर एकापुढे एक मांडले. पाचवा मानेवर मावेचना. टेपनं मोजून पाहिलं, तरी तेच. एकदम तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! शिलाईची कड धरलीच नाही मी!"

कापड जोडताना चढवतात तशी तिनं प्रत्येक पुठ्ठ्याची कड पुढच्यावर चढवली. पहिल्याच्या शेवटच्या ओळीतले ठिपके दुसऱ्याच्या पहिल्या ओळीवर तंतोतंत बसले. पाचही मावले. उडी मारायची नव्हतीच; कडेचे सूर दोन्ही आकारांचे होते.

रविवारी ती सावकाश वाजवत गेली. कडेच्या सुरावर बोट टेकवायचं आणि तिथूनच पुढच्या आकारात शिरायचं. धून कुठेही न तुटता संपली. दुरुस्तीवाल्यानं मला उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तारा तेवढ्या नव्या चढवून दे."

लेकीनं ते पुठ्ठे शिवून एक लांब पट्टी केली आहे. बाबा ती मांडीवर घेतात आणि आखडलेलं बोट ठिपक्यांवरून हळूहळू सरकवतात. लेक त्या बोटामागून मला वाजवते.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझ्यासारखी कुणी पडली असेल. तिला खाली काढा, पुसा, आणि अडखळत का होईना, वाजवा.