बिजलीघराची खंडेनवमी

"दिवा एकटा टाकून उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवायचं नाही, जानकी. घट बसले की उठेपर्यंत तू त्याची आणि तो तुझा."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा जानकी नवी नवरी होती. त्या जाऊनही आता बराच काळ लोटला. पण दर नवरात्रात नंदादीपाची वात सारताना तो आवाज कानाशी यायचाच. जानकीबाईंनी तो शब्द कधी मोडला नाही. झाशीच्या सीपरी बाजारातल्या सगळ्या मराठी बायका लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीला जायच्या, ह्या घरूनच हात जोडायच्या.

त्यांचे यजमान अनंतराव रेल्वेच्या बिजलीघरात होते. कोळशाच्या आगीवर बॉयलर, त्याच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर डायनामो. आणि त्या डायनामोच्या जिवावर झाशीचं स्टेशन, कारखाना, रेल्वेची क्वार्टरं. संध्याकाळी स्टेशनातले दिवे एकदम लागले, की घरातला बल्ब क्षणभर मान टाकायचा आणि पुन्हा सावरायचा. "सांभाळलं हो यांनी," असं पुटपुटून जानकीबाई देवापुढे बसायच्या.

खंडेनवमीला बिजलीघरातली मराठी मंडळी यंत्रांची पूजा करत. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. घरच्या बायका येऊन यंत्रांना हळदकुंकू वाहायच्या. शेजारच्या कमलिनीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जायच्या आणि तिथे सगळ्यांदेखत म्हणायच्या, "अनंतराव, तुमची मंडळी खरंच आहे, की नुसतं रेल्वेच्या पासावर नाव लावलंय?"

अनंतराव हे घरी येऊन हसत सांगत. "तासाभराचं तर काम आहे गं. माझ्या इंजिनाला एकदा तुझा हात लागू दे."

"अहो, आणि दिवा?"

"तुझी ड्यूटी माझ्याहून कडक, बाई. मला निदान पाळी बदलायला रिलीफ तरी येतो."

"पुढच्या वर्षी बघू."

अशी कितीतरी पुढची वर्षं मागे पडली. ते रागावले नाहीत कधी, हेच आता जास्त सलत होतं. एकदा तरी ताट सारून उठले असते, तर आपले पाय हलले असते की काय, कोण जाणे.

यंदा चैत्रात ते आजारी पडले. इस्पितळात त्यांच्या पायाशी बसून जानकीबाई आपणहून म्हणाल्या, "ह्या नवमीला येते मी. नक्की येते."

"दिव्याला विचारलंस का?" ते म्हणाले, आणि हसता हसता खोकले. वैशाख काही त्यांनी पाहिला नाही.

वर्षाच्या आत सण नसतो. पण कुळधर्म चुकवू नये, म्हणून घट बसले. शब्द दिला होता खरा, पण कुंकू वाहायचा हात आता कुठे राहिला? रिकाम्या कपाळानं जाऊन काय करायचं? पुढच्या वर्षी सुनेला धाडू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नवमीच्या दुपारी हरप्रसाद आला. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा, अनंतरावांचा जुना सोबती. चपला काढून दारातच उभा राहिला.

"भाभीजी, आज आखरी पूजा है. बाँध की बिजली सब जगह लग गई. पूजा के बाद आग गिरा देंगे."

"फिर नहीं जलेगी?"

"अब काहे को जलेगी." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "इंजन के बड़े पहिये को बाबूजी किसी को टीका नहीं लगाने देते थे. हर साल कोरा रखते. कहत ते, आएगी एक दिन, उसके लिए रहने दो."

जानकीबाईंना हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत अनंतरावांनी घरी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. हातातली वातीची काडी तशीच राहिली.

सून कांचन स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली. झाशीतच वाढलेली, मराठी समजे सगळं, बोलताना मात्र हिंदी मिसळे. "आई, तुम्ही जाऊन या ना. दिवा मी बघते."

"वात सारता येते तुला? काजळी धरली तर?"

"रोज तुम्हाला बघते. देखते-देखते सीख गई. बाबांना रिलीफ यायचा ना, तशी समजा मी."

इतकं सोपं होतं! कांचन घरात येण्याआधीही सोपंच होतं. शेजारी कमलिनीबाईंना नुसतं म्हटलं असतं, घटकाभर बसता का, तर त्या टोमणा मारून का होईना, बसल्या असत्या. आपण कधी कुणाला विचारलंच नाही. दिवा आपल्यावाचून राहणार नाही, असं आपणच धरून बसलो, आणि तिकडे एक चाक कोरं राहिलं.

कुंकवाच्या करंड्याकडे त्यांचा हात गेला आणि मागे आला. मग त्यांनी नंदादीपाच्या बुधलीतलं थोडं तेल वाटीत काढून घेतलं. तेल घालणारीला कुणी सवाष्ण आहेस का विचारत नाही. ते समईत घाला नाहीतर इंजिनाच्या तेलकुपीत. देवीपुढची झेंडूची एक माळ उचलली.

कांचन दिव्यापुढे मांडी घालून बसली होती. जानकीबाईंनी तिच्याकडे एकदा पाहून घेतलं, डोक्यावरून पदर घेतला.

"सासूबाई, एकटा नाही हो तो," त्या हळूच म्हणाल्या, आणि वाटीवर तळहात धरून, तेल हिंदकळू न देता, हरप्रसादच्या मागून बिजलीघराच्या वाटेला लागल्या.