दीड माणसाचं खोपटं

मी एक खोपटं बोलतंय. बहरेनमधल्या अदलियातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, खजुराच्या झाडाला पाठ लावून मी उभं आहे. पुढच्या रस्त्यावर कॅफेंची रांग आहे. तिथे लोक फोटो काढतात. माझा फोटो अजून कुणी काढलेला नाही. जवळ आलेला माणूस आधी वास घेतो आणि मग विचारतो, "हे काय आहे?" म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

बंगल्याचा खालचा मजला विल्फ्रेड आणि सेलिन तुस्कानो यांनी भाड्याने घेतलेला. दोघं वसईचे. तो हूऱ्यातल्या एका हॉटेलात एसी आणि पंप सांभाळतो, ती हॉस्पिटलात नर्स. वरच्या मजल्यावर घरमालकीण मुनीरा मॅडम राहतात. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. आवाज अजून वर्गातलाच आहे.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून विल्फ्रेडला घरी बिअर करायचं वेड लागलं. आधी हात बसावा म्हणून त्याने आल्याचं पाणी साखर घालून बाटल्यांत आंबत ठेवलं. कुठे, तर ओट्याखाली, भर जुलैत! एका शुक्रवारी सेलिन ताटं वाढत असताना पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्याने शेजारची. मग तिसरी. आल्याचा फेस छताला लागला आणि तिथून सावकाश वरणात गळू लागला.

सेलिनने वरणाचं पातेलं उचलून बेसिनमध्ये ओतलं. "विल्फी, दिवसभर वॉर्डात लोकांना टाके घालते. घरी तुला घालायची पाळी आणू नकोस. हे सगळं घराबाहेर!"

त्या वाक्यातून माझा जन्म झाला असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या सुट्टीला गुदैबियातला शंभू सुतार आला. तो कुडाळकडचा. विल्फ्रेडने अंगणातल्या लाद्यांवर खडूने मला आखलं. आधी एक टेबल आणि सिंक मावेल एवढं. मग म्हणाला, बहरेनच्या उन्हात बिअर बिघडेल, एसी हवा. एसी आला म्हणून भिंती जाड हव्यात. फ्रिज हवा. बाटल्यांची मांडणी हवी. "आणि मित्र आले तर उभे राहून पिणार का?" म्हणून चार खुर्च्याही आल्या. मी फुगत फुगत कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे गेलं. मला तर बाई आपण राजवाडाच होणार असं वाटू लागलं.

शंभूने डोकं खाजवलं. "अवो विल्फ्रेडभाव, ह्या खोपटा आसा काय गोदाम?"

कपड्यांची बादली घेऊन सेलिन दारात उभी होती. "आणि हे कपडे कुठे वाळत घालू? तुझ्या खांद्यावर? एक काम कर. सामान आणून रेघांच्या आत मांड आणि मला बिअर करून दाखव. रिकाम्या भांड्यांनी. मग कळेल किती जागा लागते ते."

विल्फ्रेडने मनावर घेतलं. मोठा टोप दोन्ही हातांत धरून तो नसलेल्या दारातून वाकून आत आला, नसलेल्या भिंतीला कोपर लागलं म्हणून "आई गं" म्हणाला, नसलेल्या फ्रिजचं दार उघडून मागे सरकला तो खुर्चीवर आदळला. सेलिन हसून हसून बादलीवर बसली.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. "विल्फ्रेड! ये क्या खेल है?"

मुनीरा मॅडम खाली आल्या. विल्फ्रेडला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल होतात. त्याने सांगून टाकलं, "मॅडम, बिअर के लिए रूम."

मॅडमचा चेहरा कडक झाला. "मेरे घर में बिअर मफी, नहीं चलेगा. करना है तो दूसरा घर देखो. खलास."

त्या वर गेल्या. इथून सेलिनचं हॉस्पिटल जवळ, भाडं परवडणारं, शेजार चांगला. एका टोपापायी हे सगळं जायची वेळ आली होती. विल्फ्रेडने मुकाट्याने सामान आत नेलं. पाणी टाकून त्याने मला पुसायला घेतलं, पण अर्ध्यातच थांबला. एक कोपरा तसाच राहिला. तेवढंच मी उरलं.

दुसऱ्या दिवशी सेलिन माफी मागायला वर गेली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने सुरमईच्या लोणच्याची वाटी नेली. बराच वेळ गेला. मग दोघी जिना उतरून थेट अंगणात आल्या, आणि मॅडमच्या हातात ती वाटी चाटूनपुसून साफ झालेली होती!

झालं होतं असं, की लोणच्यातला शिरका, म्हणजे व्हिनेगर, चाखून मॅडमना त्यांच्या आईची आठवण झाली. मुहर्रक शहरातल्या घरी आई खजुराचा शिरका करायची. मोठ्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. मॅडमनी खजुराच्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. "इतना खजूर गिरता है, सब चिड़िया खाता है. सेलिन बोलती है, तुमको सड़ाना आता है."

"शिरका?" विल्फ्रेड मराठीत पुटपुटला. "अगं, हॉटेलातले हसतील मला."

"हसू देत. घर राहील ना?"

 उकिडवा बसून तो माझ्या उरलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला. शिरक्याला गारवा नको, ऊबच हवी. म्हणजे एसी गेला. एसी गेला म्हणून जाड भिंती गेल्या. फ्रिज गेला. शिरका प्यायला कोण मित्र येणार? खुर्च्याही गेल्या. चार बरण्या, एक फळी आणि एक माणूस. त्याने नवी रेघ ओढली आणि हळूच विचारलं, "मॅडम, दो फूट ज्यादा?"

"एक फूट. यल्ला, काम शुरू करो."

असं मी शंभूच्या हातून उभं राहिलं. एक माणूस आरामात मावतो, दुसरा अर्धा. राजवाडा झालं नाही याचं मला काही दिवस वाईट वाटलं, लपवत नाही. त्यात पहिली खेप वाया गेली. चिलटांच्या भीतीने विल्फ्रेडने बरण्या घट्ट बंद केल्या आणि आत नुसती बुरशी धरली. सुट्टीवर दोघं वसईला गेले तेव्हा मला कुलूप होतं आणि माझ्या छपरावर मांजर व्यालं. पण परत आल्यावर त्याने पुन्हा खजूर निवडले. या वेळी आत हवा जावी म्हणून बरण्यांना सेलिनच्या जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे बांधले. रोज संध्याकाळी कामावरून आला की बुटासकट आधी माझ्याकडे, मग घरात.

गेल्या आठवड्यात बरणी उघडली. आधी सेलिन आत आली. मग मुनीरा मॅडम, अबाया सावरत, आडव्या होऊन. मी भरलं. विल्फ्रेड पळी घेऊन दारात आला, पण त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने पळी बाहेरूनच आत दिली आणि मान लांब करून बघत राहिला.

मॅडमनी तळहातावर थेंब घेतला, चाखला, डोळे मिटले.  विल्फ्रेडचे कान लाल झाले.

"ये," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा शाळेतला आवाज पहिल्यांदाच कापला, "ये मेरी माँ का है."

विल्फ्रेड बाहेर लादीवरच बसला. सेलिनने दारातून हात बाहेर काढला, त्याने तो धरला. आत मॅडम दुसरा थेंब घेत होत्या.

आता तुम्ही कधी या बाजूला आलात, तर जरूर या. फक्त एकेकाने या, आणि बरणीवरचं फडकं उचलू नका. पुढचा शिरका अजून निजलाय.