थोरलीची तपासणी

मत्स्यबीज केंद्रात नर ओळखणं सोपं. पोटावरून हलका अंगठा फिरवला की दुधासारखा थेंब येतो, संपला प्रश्न. मादीचं तसं नाही. पोट फुगलंय ते अंड्यांनी की खाल्ल्याने, हे वरून भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून बारीक नळी घालून चार अंडी काढायची, औषधात टाकायची आणि भिंगाखाली बघायची. औषधाने अंडं पारदर्शक होतं, आतला ठिपका दिसतो. ठिपका कडेला सरकला असेल तर मादी तयार. मधोमध असेल तर अंडी सोडण्यासाठीचं इंजेक्शन द्यायचं नाही. दिलं तर अंडी आतच अडकतात आणि मासा जातो.

हे नव्या लोकांना मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या दिवशी औषधाची बाटली संपली होती. दुसरी वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, आणि माझा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. तपासायची होती थोरली, अकरा वर्षांची, आमची सगळ्यात मोठी मादी. बुवांनी, म्हणजे आमच्या टाकीवाल्यांनी, तिला बोटाएवढी असल्यापासून वाढवलेलं. अंडी काढून वाटीत ठेवली होती. मी ती बघितलीच नाहीत. पोट चाचपलं, मऊ लागलं, वहीत लिहिलं ‘ठिपका कडेला’ आणि इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आडवी तरंगत होती.

बुवांनी तिला टेबलावर घेतलं, स्वतःच कापलं, अंडी काढली. “ताई, मला आता एवढं बारीक दिसत नाही. तुम्हीच बघा.”

त्या वेळी मात्र बावीस पायऱ्या मी धावत चढले. बाटली आणली, अंडी भिंगाखाली धरली.

“मधोमध आहे,” मी म्हणाले. तेवढं तरी खरं बोलले.

“पण काल तर वहीत कडेला होता ना?” त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. “रात्रीतून मागे सरकतो का हो तो?”

तो कधीच मागे सरकत नाही. ‘बुवा, मी बघितलंच नव्हतं’ हे अगदी ओठांवर आलं होतं.

“सरकतो कधीकधी,” मी म्हणाले.

“मग तिचं नशीब. तुमचा काय दोष?” असं म्हणून त्यांनी उलट मलाच चहा करून दिला. तो चहा मी प्यायले, याची अजून लाज वाटते.

तेव्हापासून प्रत्येक मादीची तपासणी दोनदा होते, संध्याकाळी आणि परत सकाळी. बुवांचा हट्टच तसा. दुसऱ्यांदा नळी घालताना मासा त्यांच्या हातात तडफडतो, कधी रक्तही येतं. नवे लोक म्हणतात, एकदा बघितलं की पुरे ना. बुवा त्यांना दटावतात, “ठिपका मागे सरकतो. ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.”

सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवते आणि नळी पुढे करते.