तीन मीटर पांढरं कापड

वडील गेले त्या सकाळी ताईने आणि शेजारच्या काकूंनी मिळून त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले आणि त्यांना पलंगावर सरळ निजवलं. त्यांचे पाय थेट पलंगाच्या कडेला टेकले. ताई बघतच राहिली. आजारपणात कमरेतून पार वाकलेला, खुर्चीत मुटकुळं करून बसणारा हा माणूस पुन्हा तिच्या लहानपणी होता तेवढा लांब झाला होता. गल्लीत त्यांना सगळे लांबकाका म्हणत. विजेची कामं करायचे. कुणाच्या घरी बल्ब बदलायचा तर त्यांना स्टूल लागत नसे. "वरच्या मजल्यावर हवा बरी असते," असं स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणायचे.

धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. काकूंनी त्याला फोनवरच सांगितलं होतं, "येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरं कापड आण. तीन मीटर सांग." तो कापड घेऊन आला. डोक्याखाली दुमडून ते अंगावर ओढलं, तर पाय घोट्याच्या वरपर्यंत उघडे. काकूंनी खाली ओढून पाहिलं, मग डोकं उघडं पडलं. दारात माणसं खोळंबली होती. ताईने आपली निळी शाल आणून पायांवर घातली आणि तसंच त्यांना नेलं.

पुढे सगळे पांगले, घर रिकामं झालं, पण ते पाय काही ताईच्या डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी ती दुकानात गेली. दुकानदार म्हातारा होता, गल्ल्याच्या फळीवर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर कापड मोजायचा.

"तुम्ही तीन मीटर म्हणून कमी कापड दिलंत," ती म्हणाली.

"मापात मी कधी मारलं नाही, बाई."

"मग माझ्या वडिलांचे पाय उघडे का राहिले?"

दुकानदार हातातल्या ठाणाची घडी नीट करत राहिला. मग हळूच म्हणाला, "भावाला विचारलंस?"

तिने विचारलं. "जाऊ दे ना ताई," धाकटा फोनवर म्हणाला. "आता बोलून काय उपयोग?" भांडणाची वेळ आली की तो नेहमीच असा अंग काढून घ्यायचा. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून वजनमापं खात्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या कारकुनाने विचारलं, "किती कमी भरलं?"

"कसं सांगू? कापड वडिलांबरोबर गेलं."

कारकुनाने लिहिता हात थांबवला. "मग पट्टीच तपासू," तो म्हणाला. "पट्टी खोटी असली तर तिथेच कळेल. तुम्ही तपासणीला हजर राहा."

तपासणीला एक निरीक्षक बाई आल्या. त्यांनी पेटीतून खात्याची पितळी पट्टी काढली, कापडाने पुसली आणि दुकानातल्या पट्टीला लावली. एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने. पट्टीवरचा खात्याचा यंदाचा शिक्का बघितला. बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. समोरची शिवणकाम करणारी बाईही मशीन सोडून आली होती.

"पट्टी बरोबर आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "केसाचाही फरक नाही."

"असं कसं होईल? तीन मीटर घेतलं होतं," ताई म्हणाली.

निरीक्षक बाईंनी दुकानदाराकडे पाहिलं. "मला लिहावं लागेल. किती दिलं होतंत?"

दुकानदाराने बाहेरच्या माणसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोन. दोनच मागितलं होतं त्याने. मी म्हटलं, एवढंसं पुरणार नाही. तर तो आपल्या छातीशी हात धरून मला उंची दाखवायला लागला. म्हणाला, बाबा आता एवढेच राहिलेत हो. आणि रडायला लागला. तिथे मी काय वाद घालणार?"

"मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्याने तुला सांगितलं नव्हतं ना. मग मी कोण सांगणारा?"

निरीक्षक बाईंनी ताईला बसायला स्टूल दिलं आणि तक्रार करणं तुमचा हक्कच होता, असं काहीतरी समजावलं. तिच्या कानांत काही शिरलं नाही.

तिथून ती तशीच धाकट्याच्या घरी गेली. त्याने दार उघडलं, तिचं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"मी येऊन बघायचो तेव्हा ते खुर्चीतच असायचे," तो म्हणाला. "तेही कितीदा आलो मी? दुकानात उभा राहिलो तर डोळ्यांपुढे तेच आले, गुडघ्यांत मान घातलेले. तीन मीटर म्हटलं तर वाटलं, एवढे कुठे उरलेत? घरी येऊन पाहिलं तर..." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तू शाल आणायला गेलीस ना, तेव्हाच सांगायचं होतं. जीभच उचलली नाही."

ती त्याला बोल लावायला आली होती. पण तो लहान असताना मार चुकवायला उभा राहायचा तसा भिंतीला पाठ लावून उभा होता. तिने त्याला जवळ ओढलं. दोघं दारातच रडली.

पुढच्या रविवारी दोघं दुकानात गेली. गिऱ्हाइकं असतानाच धाकटा मोठ्याने म्हणाला, "चूक माझी होती. या दुकानाचं माप चोख आहे."

"बस रे," दुकानदार म्हणाला. "पाणी घे." तक्रारीचा विषय त्याने काढलाच नाही. उलट लांबकाकांनी एकदा त्याच्या माळ्यावरची वायर शिडीशिवाय कशी जोडून दिली होती ते सांगत बसला.

निघताना ताईने पाहिलं, समोरची शिवणकामवाली घेतलेलं कापड दुकानाच्या पायरीवर पसरून आपल्या टेपने मोजत होती. आधी ती कधी मोजत नसे. ताई तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "माप बरोबर असतं त्यांचं. खात्याने तपासलंय."

"हो, मी होते की तिथे," ती मान वर न करता म्हणाली. "पण बघून घेतलेलं बरं." आणि टेप पुढे सरकवला.

आत दुकानदाराने ते पाहिलं आणि तो ठाण उचलायला पाठमोरा झाला.